बुडालेल्या गावातला बाप्तिस्मा

"पोहता येतं का?"

तांबूळखेड्याच्या मंडळीनं मला पाळक म्हणून घ्यायचं की नाही, हे ठरवायला बोलावलं तेव्हा वडीलमंडळींनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मी नुकताच सेमिनरीतून बाहेर पडलो होतो. ग्रीक शब्द घोकून आलो होतो, उपदेश पाठ होता, चपला पुसलेल्या होत्या. पोहण्याचं कुणी विचारील असं स्वप्नातही आलं नव्हतं.

"येतं," मी म्हणालो. "पण कशाला?"

समोरच्या म्हाताऱ्यानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. चर्चच्या दाराला लागूनच एक दगडी विहीर होती, आत उतरत गेलेल्या पायऱ्या आणि तळाशी काळंभोर पाणी. "मागचे पाळकसायेब घसरले व्हते बाप्तिस्म्याच्या टायमाला. आम्हालाच काढावं लागलं."

अशी माझी नेमणूक झाली!

पाळकाचं काम काय असतं, असं मला लोक अजून विचारतात. त्यांना वाटतं, लग्न लावायचं, मयत पुरायची आणि रविवारी तासभर बोलायचं. ते तर आहेच. पण आमची मंडळी बॅप्टिस्ट. आमच्याकडं तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडून भागत नाही. माणूस मोठा होतो, कळता होतो, मी विश्वास ठेवतो असं स्वतःच्या तोंडानं चारचौघांत सांगतो, आणि मग पाळक त्याला अख्खाच्या अख्खा पाण्याखाली घालतो आणि वर काढतो. खाली जाणं म्हणजे जुना माणूस पुरणं, वर येणं म्हणजे नवा माणूस उठणं. एवढा सोपा अर्थ. कृती मात्र सोपी नाही. एक हात माणसाच्या मानेखाली, दुसरा त्याच्या छातीवर जोडलेल्या हातांवर, आणि त्याला गुडघे वाकवून मागं रेलायला सांगायचं. बायकांच्या साडीला कडेनं पिना लावाव्या लागतात, नाहीतर साडी फुग्यासारखी वर येते. सगळ्यात जड जातात ते पैलवान. आमच्या गावच्या एका पैलवानानं ऐन वेळी माझ्या गळ्याला अशी मिठी मारली की आम्ही दोघंही गेलो खाली. वर आल्यावर तो म्हणाला, "पाळकसायेब, तुमचा बाप्तिस्मा झाला नव्हता का आधी?"

ही विहीर चर्चच्याही आधीची. निजामाच्या राजवटीत एका दुष्काळात दगड फोडणाऱ्या काही घरांनी येशूची वाट धरली. गावच्या पाणवठ्यावर त्यांना पाय ठेवायची मुभा नव्हती. बाप्तिस्मा घ्यायचा तर पाणी हवं, आणि प्यायलाही पाणी हवंच! मग बाया-माणसांनी मिळून विहीर खणली. पाणी लागलं तेव्हा म्हणे, लोक चिखलातच नाचले. खणताना जो दगड निघाला, त्याच दगडाचं चर्च उभं राहिलं. आमच्या चर्चच्या भिंती म्हणजे विहिरीचं पोट आहे, असं मी नव्या लोकांना हौसेनं सांगायचो.

माझ्या मंडळीत एक बाई होती, गोदामावशी. नाव गोदावरी, आणि पाण्याला इतकी भ्यायची की विहिरीच्या कठड्याला हात लावायची नाही. रहाट ओढायला सून. ही लांब उभी. तिचं माहेर-सासर दोन्ही एकाच गावात, पैठणच्या वरच्या अंगाला गोदावरीच्या काठावर. जायकवाडीचं धरण झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. नवरा तिला घेऊन तांबूळखेड्यात नातेवाइकांकडं आला, इथंच ख्रिस्ती झाला, इथंच वारला. मुलगा दानिएल टेम्पो चालवायचा, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या सेवकांपैकीही एक होता. गोदामावशी मात्र दर रविवारी शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसायची. भजनं सगळी पाठ, आवाज असा की पेटीवाल्याला पट्टी बदलावी लागे. पण बाप्तिस्मा नाही. त्यामुळं प्रभुभोजनाचं ताट तिच्यापुढं आलं की ती दोन्ही हातांनी धरून, कपाळाला लावून, शेजारणीकडं सरकवायची.

दर ईस्टरच्या आधी मी विचारायचो. "मावशी, यंदा?"

"पाण्याखाली माझं गाव गेलं, घर गेलं. आता मीबी जाऊ व्हय?" एवढं बोलून ती वाकळ शिवायला बसायची.

मला वाटायचं, म्हातारीला बुडायची भीती आहे. मी तिला पैलवानाची गोष्ट सांगून हसवायचो.

मग तो मोठा दुष्काळ आला. वर्षामागून वर्ष पाऊस रुसला. एकीकडं शहर चिकलठाण्यापासून आमच्याकडं सरकत होतं. जालना रोडला कारखाने, कारखान्यांमागं प्लॉट, प्लॉटवर रो-हाऊस. जिथं ज्वारी उभी असायची तिथं कमानी उभ्या राहिल्या. दुसरीकडं गावातल्या बोअर एकेक करून धुरळा ओकायला लागल्या. आमची विहीरही तळाला गेली. मी उतरून पाहिलं, खाली फक्त ओला गाळ आणि एक बेडूक.

गावाला टँकर सुरू झाला. टँकर ओतायला खोल, बांधीव विहीर हवी होती, आणि तशी गावात एकच होती. आमची! काय ते दृश्य सांगू! टँकरचा पाइप विहिरीत सोडला की आत ढगफुटी झाल्यासारखा आवाज व्हायचा आणि सगळं गाव कठड्याभोवती. पोहरे, दोर, घागरी, कॅन, भांडणं, हसणं. ज्या आळीनं आमच्या पणज्यांना पाण्यावर येऊ दिलं नव्हतं, त्या आळीच्या बाया आमच्या कठड्यावर पाय रोवून पाणी शेंदत होत्या. पाटलांची थोरली सून एकदा मला म्हणाली, "पाळकसायेब, तुमच्या लोकांनी लई जपून बांधलीय बघा." मी मान डोलावली. उपदेशात त्या रविवारी मी यावर एक अक्षरही बोललो नाही. गरजच नव्हती, सगळे खिडकीतून बघत होते.

याच काळात माझी कुलकर्णीकाकांशी ओळख झाली. ते बँकेतून निवृत्त होऊन नव्या रो-हाऊसमध्ये राहायला आले होते. ईस्टरच्या पहाटेच्या आमच्या ढोलकीबद्दल तक्रार करायला आले, चहा पिऊन गेले, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. "चर्चचा इतिहास कुणी लिहिलाय का हो?" म्हणाले. नाही म्हटल्यावर रोजच यायला लागले. माझ्या पत्नीनं त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा वेगळा ठेवायला सुरुवात केली.

एका दुपारी बाबुराव धनगर आला. दरवर्षी त्याची मेंढरं आमच्या बाजूनं जायची. टँकर नुकताच येऊन गेला होता, त्याला पाणी हवं होतं. पाणी पिऊन तोंड पुसता पुसता तो कठड्यापासून लांब बसलेल्या गोदामावशीला म्हणाला, "मावशे, तुझं गाव वर आलंय की."

"काय म्हनलास?"

"धरण आटलं ना. म्या तिथूनच आलो. गाळावर लुसलुशीत हिरवळ हाय, मेंढरं चारली. घाट उघडा पडलाय, घरांची जोती दिसत्यात. मारुतीचा पारबी हाय."

गोदामावशीच्या हातातली सुई खाली पडली. ती शोधायलाही वाकली नाही. तशीच उठली आणि तरातरा माझ्या घरात आली. मी जेवत होतो.

"पाळकसायेब, मला बाप्तिस्मा पायजे."

माझा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांनी! मी म्हणालो, "मावशी, जरूर! पाऊस पडू द्या, विहीर भरली की..."

"इथं नाय. तिथं. माझ्या गावच्या घाटावर. पाऊस पडला की गाव पुन्हा जाईल खाली. त्याच्या आधी."

संध्याकाळी सेवकांची बैठक बसली. अशी गरमागरम बैठक मी कधी पाहिली नाही. दानिएल सगळ्यात जास्त तापलेला. "आईचं वय काय, ऊन काय! धरणाच्या गाळात म्हशी रुततात. तिला काय झालं तर कोण जबाबदार?" दुसरा म्हणाला, टँकरच्या पाण्यात इथंच देऊ. तिसरा ओरडला, गाव ते पाणी पितंय, त्यात माणूस बुडवणार? मग कुणीतरी प्लास्टिकची काळी टाकी काढली, म्हणजे बोलण्यात. टाकीत म्हातारीला उतरवायचं कसं आणि काढायचं कसं, यावर बराच वेळ गेला. शेवटी सगळ्यात वयस्कर सेवक हळूच म्हणाला, "दुसऱ्या मंडळ्यांत शिंपडतात. चार थेंब टाकले तर देव काय नाय म्हणंल?"

खरं सांगतो, मला तो मार्ग पटायला लागला होता.

दाराबाहेर बसलेली गोदामावशी आत आली. "चार थेंबांला म्या कधी भ्याले नव्हते," ती म्हणाली. "भ्याले ते बुडायला. अन् आता बुडायचंच हाय."

झालं! बैठक संपली.

पुढच्या रविवारी सकाळी निघालो. दानिएलच्या टेम्पोत सगळी मंडळी, ढोलकी, पेटी, भाकरींची गाठोडी. गोदामावशी कुलकर्णीकाकांच्या गाडीत, पुढच्या सीटवर. काकांनी घडीची खुर्ची आणि मोठी छत्री बरोबर घेतली होती. "मी फक्त इतिहासासाठी येतोय," असं ते स्वतःच्या पत्नीला आणि मला, दोघांनाही बजावून सांगत होते. पैठण रोडला टेम्पोतून भजन सुरू झालं ते थांबलंच नाही. चितेगावला चहाच्या टपरीवर लोकांना वाटलं लग्नाचं वऱ्हाड आहे. "नवरी कुठाय?" टपरीवाल्यानं विचारलं. आम्ही गाडीतल्या गोदामावशीकडं बोट दाखवलं. ती पांढऱ्या लुगड्यात बसलेली, तोंडाला पदर लावून हसत होती. मी तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

धरणाच्या काठावर पोचलो. जिथं समुद्रासारखं पाणी असायचं तिथं भेगाळलेली जमीन, दूरवर. मधे हिरवळीचे पट्टे. आणि लांब, एका चमकत्या रेघेच्या अलीकडं, दगडांचे काळे ढीग.

"त्ये!" गोदामावशी ओरडली. "त्ये आमचं गाव!"

बाबुराव मेंढरं घेऊन थांबला होता. "माझ्या मेंढरांच्या मागनं या," तो म्हणाला. "जिथं मेंढरू पाय टाकत नाय तिथं तुमीबी टाकू नका." मग काय, पुढं मेंढरं, मागं बॅप्टिस्ट मंडळी, आणि सगळ्यात मागं खुर्ची डोक्यावर घेतलेले कुलकर्णीकाका. एका ठिकाणी आमच्या पेटीवाल्यानं जवळची वाट म्हणून चार पावलं बाजूला टाकली आणि मांडीपर्यंत आत गेला. त्याला ओढून काढला, पण चप्पल तिथंच राहिली. दानिएलनं आईचा हात घट्ट धरला.

गावात शिरलो, म्हणजे जोत्यांच्या रांगांमध्ये. गोदामावशी आता कुणाच्या हाताला येईना. "ही सुताराची आळी. हा पार. इथं चावडी." भिंती नव्हत्या, छपरं नव्हती, पण ती दारातून आत जावं तशी वळत होती. एका जोत्यापाशी थांबली. शिंपल्यांनी भरलेलं एक उखळ तिथं जमिनीत रुतलं होतं. तिनं त्यातला गाळ बोटांनी काढला. "माझं," एवढंच म्हणाली.

घाटाच्या पायऱ्या शाबूत होत्या. खाली गोदावरीचं जुनं पात्र, त्यात पाणी अजून होतं, हिरवट, संथ. मी बंडी घालून उतरलो. तळ पायानं चाचपला. घट्ट होता, दगडी. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून मी हात पुढं केला. वर भजन सुरू झालं, ढोलकी घुमायला लागली.

गोदामावशी पहिली पायरी उतरली. दुसरी उतरली. पाण्यानं तिच्या घोट्यांना स्पर्श केला आणि ती थांबली. तिनं लुगडं दोन्ही मुठींत धरलं आणि मागच्या पायरीकडं पाय वळवला.

"आई, ये वर!" दानिएल ओरडला. "बास झालं! पाळकसाहेब, सोडा तिला!"

भजन तुटलं. मी म्हणालो, "मावशी, वर जायचं असेल तर जा. कुणी काही म्हणणार नाही. पाणी खोल नाही, मी आहे."

"पाण्याला नाय भीत म्या," ती म्हणाली. तिनं मान वळवून घाटाच्या वरच्या अंगाला पाहिलं. तिथं एका कडुलिंबाचा काळा, वाळका बुंधा उभा होता. "त्या लिंबाखाली माझी पयली लेक हाय. सुभद्रा. तापानं गेली. चालायला लागली व्हती. सरकारनं माणसं हलवली, गुरं हलवली. तिला कोण हलवणार? पाणी आलं अन् ती खाली ऱ्हायली."

दानिएल एक पायरी खाली आला. "मला बहीण होती?"

"व्हती रं." ती पुन्हा माझ्याकडं वळली. "पाळकसायेब, तुमी दरसाल सांगता. खाली जाणं म्हंजी पुरणं, वर येणं म्हंजी उठणं. मग ती तर कवाचीच खाली गेलीया. ती उठंल का?"

सेमिनरीतलं सगळं शिक्षण, सगळे उपदेश, माझ्या डोक्यातून धडाधड पळून गेले. तिथं घाटावर एकाही मोठ्या शब्दाला जागा नव्हती.

"उठेल," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मागं पाण्याचा आवाज झाला. दानिएल अंगावरच्या शर्ट-पँटसकट पाण्यात उतरून माझ्या पलीकडं येऊन उभा राहिला होता. त्यानं दुसरा हात पुढं केला. "ये आई," तो म्हणाला.

ती आली! एकेक पायरी, पदर खोचून, ओठ घट्ट मिटून. आम्ही दोघांनी तिला धरलं. तिनं हात छातीवर जोडले. मी म्हणालो, "गोदावरी, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देतो," आणि तिला मागं रेलवलं. पाणी तिच्या चेहऱ्यावरून मिटलं. क्षणभर काहीच दिसेना, नुसता हिरवा रंग. मग आम्ही वर ओढलं.

ती वर आली ती खोकत, डोळे चोळत, आणि हसत! मोठ्यानं, सगळ्या धरणात ऐकू जाईल असं. वरून जो जल्लोष झाला, त्यानं बाबुरावाची मेंढरं उधळली. ढोलकीवाला उड्या मारत वाजवत होता. कुलकर्णीकाका छत्री टाकून, पँट चिखलात माखून, टाळ्या वाजवत होते. मी तिला पायरीकडं न्यायला लागलो, तर ती हलेना.

"मावशी, झालं. चला."

"आणखी एकदा बुडवा की!"

"अहो, एकदाच असतो तो."

"मग तुमी जावा," ती म्हणाली, आणि नाक धरून आपली आपणच खाली गेली. वर आली, पुन्हा गेली. लहानपणी याच घाटावर तिनं उड्या मारल्या असतील. दानिएल तिच्याशेजारी उभा राहून रडत होता आणि हसतही होता. नंतर माय-लेक ओल्या कपड्यांनीच वाळक्या लिंबापाशी गेले आणि बराच वेळ तिथं बसून राहिले. आम्ही कुणी तिकडं गेलो नाही. परत येऊन तिनं भाकरी सोडल्या आणि सगळ्यांत आधी बाबुरावाला वाढलं, मग कुलकर्णीकाकांना.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस आला, आणि असा आला की धरण भरत चाललं. दानिएल मला काळजीनं विचारायला आला, गाव पुन्हा बुडतंय हे आईला सांगू की नको? ती तर आधीच दूरदर्शनवरच्या बातम्यांना चिकटली होती. धरण किती भरलं ते सुनेला पुन्हा पुन्हा विचारायची आणि जितकं जास्त तितकी खूश व्हायची.

शहरानं शेवटी आम्हाला गिळलंच. तांबूळखेडा आता नकाशावर एका वसाहतीचं नाव आहे. रस्ता रुंद झाला त्यात चर्चची पुढची पडवी गेली. विहिरीवर लोखंडी जाळी बसली आणि लोक जाळीतून आत चिप्सची पाकिटं टाकतात, हे पाहून माझा जीव जळतो. पण रविवारी बसायला जागा नसते. कारखान्यांतली, हॉस्पिटलांतली, कॉलेजातली पोरं येतात, कन्नडची, जालन्याची, कुठली कुठली. चर्चच्या मागं आम्ही फरशीचा हौद बांधला, आणि ज्या वर्षी जायकवाडीची पाइपलाइन आमच्यापर्यंत पोचली त्या वर्षी तो पहिल्यांदा नळाच्या पाण्यानं भरला.

त्या दिवशी एका कंपनीत इंजिनिअर असलेल्या मुलीचा बाप्तिस्मा होता. हौदाच्या पायरीवर येऊन ती रडायला लागली. लहानपणी कालव्यात पडली होती, म्हणाली. मी समजावलं, तिच्या मैत्रिणींनी समजावलं. उपयोग नाही. मंडळी ताटकळत उभी.

शेवटच्या रांगेतून काठी टेकत गोदामावशी पुढं आली. कुणाला काही न विचारता काठी माझ्या हातात दिली आणि नव्या कोऱ्या साडीसकट हौदात उतरली. पाणी तिच्या छातीपर्यंत आलं. तिनं ओंजळभर पाणी घेतलं, तोंडावर मारलं आणि हात वर केला.

"ये पोरी," ती म्हणाली. "हे माझ्या गावचं पाणी हाय. वळखीचं हाय."

मुलगी उतरली.